गाडीचा ‘मेंदू’ खरंच गेलाय का? जुन्या गाड्यांच्या ईसीएम कामातला धंदा, हिशोब आणि धोके



मागच्या व्हिडिओत ‘कमी भांडवलात गॅरेजला जोडून काय करता येईल?’ हा विषय घेतला, तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न एकाच मुद्द्यावर आले: ईसीएम. नारायणगाव, मंचर, आळेफाटा, ओतूर या भागातल्या पोरांनी विचारलं, “सर, जुन्या गाडीचा ईसीएम बदलायचं काम घ्यावं का? पैसे चांगले मिळतात म्हणतात.” मिळतात. पण ज्या कामात पैसे चांगले असतात, त्याच कामात एक चूक महिनाभराची कमाई घेऊन जाते. म्हणून व्हिडिओत जे घाईघाईत सांगितलं, ते इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन वाचा.

आपल्या भागात हे काम का आहे?

धंदा सुरू करण्याआधी पहिला प्रश्न, गिऱ्हाईक कोण? त्यासाठी थोडा इतिहास बघावा लागतो.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला मेंदू नव्हता. पेट्रोल किती जायचं ते जेट आणि स्क्रू ठरवायचे, आणि आपला फिटर कानाने ऐकून ट्युनिंग करायचा. जगात हे चित्र आधीच बदलायला लागलं होतं. बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत १९६७ मध्येच आली होती. भारतात खरा बदल झाला तो प्रदूषणाच्या नियमांमुळे. २००० साली देशभर ‘इंडिया २०००’ म्हणजे पहिला टप्पा आला. २००५ मध्ये पुण्यासह मोठ्या शहरांत बीएस-३ आणि बाकी देशात बीएस-२ लागू झालं. २०१० मध्ये मोठ्या शहरांत बीएस-४, १ एप्रिल २०१७ पासून ते देशभर, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. हे नियम पाळायचे तर इंधन मोजूनमापून, इंजिनाची स्थिती बघून द्यावं लागतं. ते काम ईसीएम करतो. कार्बोरेटर गेले, एमपीएफआय आलं, डिझेलमध्ये कॉमन रेल आलं.

आता गणित करा. २००५ ते २०१२ मध्ये पुण्यात विकल्या गेलेल्या गाड्या आज कुठे आहेत? बऱ्याच दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, तालुक्याच्या गावात. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस बघून ५-५ वर्षांनी वाढवून मिळते. ज्याने नूतनीकरणाची फी भरली, टायर टाकले, बॅटरी टाकली, तो माणूस गाडी भंगारात द्यायला तयार नसतो. त्याला ती गाडी मार्केटला जायला, पोरांना शाळेत सोडायला आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठायला लागते. आहुपे किंवा तळेरानच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आणि गंमत बघा. चाकणला नव्या गाड्या बनतात, तिथून मंचर फार लांब नाही. पण पंधरा वर्षं जुन्या गाडीचा ईसीएम तपासणारा माणूस शोधायला आपल्या लोकांना पुण्यापर्यंत टोचन लावून जावं लागतं. ही जी पोकळी आहे ना, तिथेच धंदा आहे.

ईसीएम करतो तरी काय?

थोडक्यात सांगतो. इंजिनाभोवतीचे सेन्सर माहिती पाठवतात: क्रँक किती वेगाने फिरतोय, हवा किती येतेय, पाणी किती तापलंय, ॲक्सिलरेटर किती दाबलाय. ईसीएम ती वाचतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडायचा, ठिणगी कधी टाकायची ते ठरवतो. बऱ्याच सेन्सरना लागणारा ५ व्होल्टचा सप्लायसुद्धा तोच देतो. ही ५ व्होल्टची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

म्हणजे ईसीएम हा हुकूम देणारा आहे, पण तो बॅटरी, अर्थिंग, रिले आणि वायरिंगच्या जिवावर जगतो. यातलं काहीही बिघडलं तरी लक्षणं ‘ईसीएम गेला’ अशीच दिसतात.

सगळ्यात महाग चूक: चांगला ईसीएम बदलणं

आमच्याकडे ओतूरच्या बाजूची एक पेट्रोल गाडी आली. चौदा वर्षं जुनी. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण चालू व्हायचं नाही. कधी चालू झालीच तर थोड्या वेळाने बंद. मालक शेतकरी. घरात आजारी आई, दर आठवड्याला तिला पुण्याला न्यायचं. दोन ठिकाणी त्याला सांगितलं होतं, “ईसीएम उडालाय, बदलावा लागेल.” एवढा आकडा ऐकून तो गाडी विकायच्या विचारात होता.

आम्ही ईसीएमला हातच लावला नाही. आधी बॅटरी, मग फ्यूज, मग मेन रिले, मग अर्थिंग बघितलं. सगळं ठीक. स्कॅनर कधी बोलत होता, कधी नाही. मग ५ व्होल्टची लाईन मोजली, तर तिथे जेमतेम पाऊण व्होल्ट. एकेक सेन्सरचा कपलर काढत गेलो, व्होल्टेज काही वर येईना. शेवटी वायरिंग उघडली. इंजिनाच्या मागे एका ब्रॅकेटला घासून ५ व्होल्टच्या वायरचं आवरण गेलं होतं आणि ती बॉडीला टेकत होती. वायर जोडली, स्लीव्ह टाकली, हार्नेस जागेवर बांधला. गाडी चालू.

बिल झालं ते तपासणीचं आणि वायरिंगचं. ईसीएम बदलून जेवढे सुटले असते, त्याच्या मानाने कमीच. पण पुढच्या दोन महिन्यांत त्याच गावातून आणखी चार गाड्या आल्या. आपल्याकडे जाहिरात पारावर होते, मित्रांनो. आणि बदनामीसुद्धा तिथेच होते.

म्हणून माझा नियम: ईसीएम हा संशयितांच्या यादीतला शेवटचा. तपासणीचा क्रम असा ठेवा.

१. बॅटरी: बंद गाडीत साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना १० च्या बरंच खाली घसरत असेल तर आधी बॅटरी बघा. कमी व्होल्टेजला ईसीएम झोपतो आणि आपण त्याला मेला समजतो.

२. चार्जिंग: गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. सतत १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय. तो दुरुस्त न करता नवा ईसीएम बसवला तर तोही जाणार.

३. चावी ऑन: चेक लाईट लागते का? पंपाचा दोन-तीन सेकंद आवाज येतो का? दोन्ही नसेल तर फ्यूज आणि मेन रिले.

४. अर्थिंग: ईसीएमच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा, तेही सेल्फ मारताना. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ साफ करा. गंजलेला एक नटबोल्ट लोकांना हजारो रुपयांना पडलाय.

५. ५ व्होल्ट लाईन: वरच्या गाडीसारखी. आधी सेन्सर एकेक काढून बघा, मग वायरिंग.

६. स्कॅनर: कोड वाचा, पण कोडवर आंधळा विश्वास नको. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०५६२ म्हणजे कमी व्होल्टेज, पी०६४१ म्हणजे सेन्सरच्या ५ व्होल्ट सप्लायची तक्रार. पी०६०१, पी०६०५, पी०६०६ हे कोड मात्र ईसीएमच्या आतल्या मेमरीकडे किंवा प्रोसेसरकडे बोट दाखवतात.

७. कपलर: ईसीएमचा कपलर काढून पिना बघा. हिरवट गंज, वाकलेली पिन, पाण्याचा डाग. इथे टॉर्च आणि डोळे, दुसरं काही लागत नाही.

सप्लाय बरोबर, अर्थ बरोबर, सेन्सरचे सिग्नल ईसीएमपर्यंत पोचतायत आणि तरीही इंजेक्टर किंवा कॉइलला हुकूम जात नाही, हे मीटरवर सिद्ध झालं की मगच म्हणायचं, ईसीएम गेला.

ईसीएम जातो कशाने?

आपल्या भागातली कारणं ठरलेली आहेत. पश्चिम पट्ट्यात भीमाशंकर, माळशेजकडचा पाऊस. काचेखालची जाळी पाल्याने तुंबली की पाणी आत उतरतं. गोठ्याजवळ किंवा उसाच्या कडेला गाडी उभी असली की उंदीर वायरिंग खातात. जंपर लावताना प्लस-मायनस उलटं होतं. बॅटरी न काढता बॉडीला वेल्डिंग मारलं जातं. आणि एक कारण जे खूप जणांना माहीत नसतं: इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टर आतून शॉर्ट झाला की ईसीएममधला तो चालवणारा ट्रान्झिस्टर जळतो.

शेवटच्या कारणातून धडा घ्या. ईसीएम का गेला हे शोधल्याशिवाय दुसरा बसवायचा नाही. कॉइल आणि इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजा, कंपनीच्या आकड्याशी जुळवा. नाहीतर नवा ईसीएम पहिल्याच सेल्फला जळेल, आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देणार नाही, तुम्ही द्याल.

चार रस्ते, चार गिऱ्हाईकं

ईसीएम खरंच गेला असेल तर गिऱ्हाईकापुढे चारही पर्याय ठेवा. निर्णय त्याला घेऊ द्या.

नवा, कंपनीचा. सगळ्यात खात्रीचा, सगळ्यात महाग. प्रोग्रॅमिंग कंपनीच्या टूलवर. अडचण एकच, जुन्या मॉडेलला तो मिळेलच असं नाही.

दुरुस्ती. कपॅसिटर, ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, सुटलेलं सोल्डरिंग असेल तर बोर्ड दुरुस्त होतो. गाडीचा मूळ डेटा तसाच राहतो, म्हणून चावीचा प्रश्न येत नाही. पाण्याने ट्रॅक खाल्लेला बोर्ड मात्र घेऊ नका. आज चालेल, पुढच्या पावसाळ्यात परत येईल.

जुना, दुसऱ्या गाडीचा. पुण्यात नाना पेठेत स्पेअरची दुकानं आहेत, मुंबईत कुर्ल्याला जुन्या पार्टचा बाजार आहे. इथे नुसता डबा सारखा दिसून चालत नाही. लेबलवरचा पूर्ण पार्ट नंबर जुळला पाहिजे, शेवटच्या अक्षरासकट. तेच मॉडेल, तेच साल, पण एसी असलेली आणि नसलेली गाडी यातही फरक असू शकतो.

क्लोनिंग. जुन्या ईसीएमचा डेटा वाचून तो त्याच नंबरच्या दुसऱ्या ईसीएममध्ये टाकायचा. तुमच्या ईसीएमची मेमरी वाचता येत असेल तर हा रस्ता सगळ्यात व्यवहारी.

क्लोनिंग का लागतं? इमोबिलायझरमुळे. चावीत एक चिप असते. ती चिप, इमोबिलायझर आणि ईसीएम यांची एकमेकांशी ओळख पटली तरच इंजिन चालू राहतं. दुसऱ्या गाडीचा ईसीएम थेट बसवला तर बऱ्याच गाड्या चालू होऊन लगेच बंद पडतात किंवा चालूच होत नाहीत. नवखा मेकॅनिक म्हणतो, “हाही खराब निघाला.” खराब नसतो तो, त्याने चावी ओळखलेली नसते.

एक सवय लावून घ्या. मूळ ईसीएमचा डेटा वाचला की त्याच्या दोन कॉपी, गाडीच्या नंबरसह, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि मूळ ईसीएम गिऱ्हाईकाला परत द्या. वस्तू त्याची आहे.

आता खरा विषय: हिशोब

इथेच बहुतेक जण फसतात. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या गावचे आकडे तुम्ही टाका.

समजा दुकानाचा महिन्याचा खर्च ४५,००० रुपये. भाडं, लाईट, पोऱ्याचा पगार आणि तुमचा स्वतःचा पगार धरून. महिन्यात २५ दिवस, दिवसाला बिल लावता येतील असे ६ तास. म्हणजे १५० तास. ४५,००० भागिले १५०, एका तासाची किंमत ३०० रुपये.

आता एक काम:

- जुना ईसीएम खरेदी: ६,०००
- बाहेरून क्लोनिंग: २,५००
- कुरियर, प्रवास: ५००
- तपासणी २ तास, बसवणं २ तास, ट्रायल १ तास; ५ तास × ३०० = १,५००
- वॉरंटीची तरतूद: ९०० (दहातलं एक काम परत येईल आणि पार्टचा खर्च पुन्हा करावा लागेल असं धरून, ९,००० चा दहावा हिस्सा)

एकूण ११,४००. त्यावर २० टक्के नफा २,२८०. गिऱ्हाईकाला सांगायचा आकडा १३,६८०.

बरेच जण काय करतात? पार्ट, क्लोनिंग, कुरियर मिळून ९,००० गेले, १०,००० घेतले, “हजार सुटले” म्हणून खूश. प्रत्यक्षात १,४०० रुपये घालून काम केलेलं असतं. वर्षभर असं केलं की माणूस म्हणतो, “काम भरपूर आहे, पण पैसा दिसत नाही.” दिसणार कुठून? स्वतःचा वेळ आणि परत येणारं काम यांची किंमतच धरलेली नसते.

दुसरी गोष्ट, तपासणीचे पैसे वेगळे घ्या आणि आधी सांगा. “दादा, तपासणीचे ६०० रुपये. दोष सापडो न सापडो. काम आमच्याकडे केलं तर बिलातून वजा करू.” वजा करणार असाल तर ते कोटेशनमध्ये आधीच धरलेलं असू द्या, वरच्या हिशोबात ते दोन तास आहेतच. सुरुवातीला लोक कुरकुरतील. पण तपासणी फुकट असली की पैसे कमवायचा एकच मार्ग उरतो, पार्ट विकणं. आणि मग चांगले ईसीएम बदलले जातात.

तिसरी, उधारी. आपल्याकडे “टोमॅटोची पट्टी आली की देतो” हे वाक्य नवीन नाही. माणूस खोटं बोलत नसतो, त्याचा पैसा खरंच हंगामावर येतो. पण तुमचा पार्ट रोखीने आलेला असतो. त्यामुळे पार्टची पूर्ण रक्कम आगाऊ, उधारी द्यायचीच तर फक्त मजुरीची. सांगताना आवाज चढवू नका, फळ्यावर लिहून लावा. फळ्याशी कोणी भांडत नाही.

सुरुवात कशी करायची?

सगळी मशिनं एकदम घेऊ नका. तीन पायऱ्या करा.

पहिली पायरी: चांगला मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, तुमच्या भागात जास्त चालणाऱ्या गाड्यांना चालेल असा स्कॅनर, बॅटरी चार्जर आणि वायरिंग डायग्राम. या पायरीवर तुम्ही फक्त निदान विकता. बोर्डाचं काम पुण्यातल्या एखाद्या लॅबला द्या.

दुसरी: सोल्डरिंग स्टेशन, हॉट एअर, मेमरी वाचणारा प्रोग्रॅमर. हात बसवायला भंगारातले बोर्ड वापरा, गिऱ्हाईकाचे नाही.

तिसरी: टेबलावर ईसीएम वाचणारं क्लोनिंग टूल. महिन्याला बाहेर दिलेल्या क्लोनिंगचं बिल सलग सहा महिने त्या टूलच्या हप्त्यापेक्षा जास्त येत असेल, तेव्हाच. त्याआधी नाही.

शिक्षण म्हणाल तर आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड पाया पक्का करतो. इलेक्ट्रॉनिक्सवाला पोरगा आणि गाडीवाला पोरगा यांनी मिळून सुरू केलं तर अजून चांगलं. दोघांच्या वाटणीचं कागदावर लिहून ठेवा, एवढंच.

पैशासाठी मुद्रा योजना आहे: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. पहिल्या पायरीला शिशु किंवा छोटा किशोर पुरतो. मोठा सेटअप करायचा तर पीएमईजीपीमध्ये सेवा व्यवसायाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटांना ३५ टक्के अनुदान. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. पण अनुदान मिळतंय म्हणून धंदा मोठा करू नका, कर्जाचा हप्ता अनुदान भरत नाही. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. सेवा आणि पार्ट दोन्ही विकत असाल तर वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवर १८ टक्के दर आहे, तो कोटेशनमध्ये धरा.

जिथे ‘नाही’ म्हणायचं

हे काम शिकलात की एक दिवस कोणीतरी विचारणारच: “चावी हरवलीय, कागद घरी आहेत, इमोबिलायझर काढून द्या.” नाही. आरसी आणि मालकाचं ओळखपत्र बघितल्याशिवाय चावी, इमोबिलायझर, ईसीएम यातल्या कशालाही हात लावायचा नाही. रजिस्टरमध्ये गाडी नंबर, चासी नंबर, मालकाची सही. जुना ईसीएम घेतानाही विकणाऱ्याची पावती घ्या, बिनपावतीचा स्वस्त पार्ट नको. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पाच हजार वाचवायला जाऊन दुकानाला टाळं लागायला नको.

तसंच “किलोमीटर कमी करून द्या” आणि “धूर गाळणारं ते सगळं बंद करून पिकअप वाढवा” ही कामंही नकोत. पहिल्यात पुढचा गिऱ्हाईक फसतो, दुसऱ्यात पीयूसीला गाडी अडकते आणि नाव तुमचं येतं.

या महिन्याचा गृहपाठ

१. तुमच्या गावातल्या पाच गॅरेजवाल्यांना भेटा. विचारा: गेल्या सहा महिन्यांत ईसीएमसाठी किती गाड्या पुण्याला पाठवल्या? कोणत्या मॉडेलच्या? लिहून घ्या. हाच तुमचा मार्केट सर्व्हे.

२. त्यात सगळ्यात जास्त आलेली तीन मॉडेल निवडा. फक्त त्यांचे वायरिंग डायग्राम पाठ करा. सगळ्या गाड्यांचा डॉक्टर व्हायला जाऊ नका.

३. तुमच्या एका तासाची किंमत काढा. वर पद्धत दिलीय.

४. तपासणीचा सात पायऱ्यांचा तक्ता छापून भिंतीला लावा आणि प्रत्येक गाडीला तोच क्रम पाळा. रीडिंग बिलाच्या मागे लिहून द्या. जो मेकॅनिक आकडे लिहून देतो, त्याच्याशी गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. अनुभवाचे बोल आहेत.

गॅरेजवाल्यांना स्पर्धक समजू नका. तेच तुमचे पहिले गिऱ्हाईक आहेत. त्यांनी पाठवलेल्या गाडीचं इंजिन ऑइलचं काम आपण ओढून घ्यायचं नाही, गाडी त्यांच्याकडेच परत पाठवायची. एवढं पाळलंत तर वर्षभरात बोर्ड न लावताही काम येत राहील.

तुमच्या सर्व्हेत कोणती तीन मॉडेल आली ते कमेंटमध्ये लिहा. सगळ्यात जास्त आलेल्या मॉडेलची ५ व्होल्ट लाईन आणि अर्थ पॉइंट पुढच्या व्हिडिओत गाडी उघडूनच दाखवतो.

भेटूया. मीटर हातात ठेवा, आणि हिशोब वहीत.